दिवा लागला की मी निघालो

मी एक जुना फोन आहे, पण मला कुणी कधी कानाला लावलेलं नाही. खिशात, पर्समध्ये, उशीखाली माझी जागा नव्हती. सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या रांगेखाली, पत्र्याच्या जाळीमागे मी बसलेला आहे. माझ्या तोंडावर एक पिवळं बटण, त्यावर घंटेचं चित्र, आणि शेजारी मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. मित्रांनो, तुम्हीही अशा एखाद्या बटणासमोर उभे राहून वर-खाली गेला असाल. त्यामागे कुणी असेल असं तुम्हाला वाटलंही नसेल. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. कुणाच्या लक्षात न येणं हेच माझं काम होतं.

माझी घडण साधी. बोलायला एक भोक, ऐकायला एक भोक, पोटात एक बॅटरी आणि एक सिमकार्ड. हो, तुमच्या घरातल्या फोनमध्ये असतं तसंच. माझी तार लिफ्टबरोबर वर-खाली होणाऱ्या जाड वायरीतून थेट इमारतीच्या माथ्यावर जायची. तिथल्या बोटभर अँटेनाला समोरच्या गच्चीवरचा टॉवर दिसायचा. मला बसवलं तेव्हा फोनची दुसरी पिढी भरात होती. माणसं लिफ्टमध्ये शिरली की "हॅलो, हॅलो, रेंज गेली" म्हणत बटणांचे फोन हलवायची. लोखंडी पेटीत त्यांचे आवाज तुटायचे, माझा मात्र कधी तुटला नाही. तेव्हा मला त्याचा थोडा तोरा होता, हे कबूल करतो.

मला बसवणारे मिस्त्रीकाका उंच, किडकिडीत होते. कानामागे पेन्सिल आणि डाव्या खिशात स्क्रू. त्यांनी माझ्या पोटात एकच नंबर घातला, त्यांचा स्वतःचा. बटण तीन सेकंद दाबलं की दिवा लागायचा, मग मी तो नंबर फिरवायचो आणि काकांचा आवाज लिफ्टमध्ये यायचा. शिवाय आणखी एक खोड त्यांनी मला लावून दिली. दर तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबाराला मी आपणहून त्यांना एक मिस्ड कॉल द्यायचा. एकदाच घंटी, की बंद. म्हणजे मी जागा आहे. काका त्या वेळी जेवायला बसलेले असायचे. त्यांच्या बायकोने म्हणजे काकूंनी माझं नाव 'सवत' ठेवलं होतं. ताटावर बसलं की हिची हाक, असं त्या म्हणायच्या. हे काकाच एकदा लिफ्टमध्ये हसत हसत कुणाला तरी सांगत होते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका येऊन माझं बटण दाबायचे. त्यांच्याच खिशातला फोन वाजायचा आणि ते तो कानाला लावून स्वतःशीच बोलायचे. "कोण बोलतंय? मिस्त्री का? काय म्हणतेय तब्येत? गुडघे दुखतात म्हणता? मग जिन्याने कशाला जाता, लिफ्ट आहे ना आमची!" त्या वेळी लिफ्टमध्ये असलेली माणसं खो खो हसायची. काका मात्र कान देऊन ऐकत असायचे. आवाज घोगरा येतोय का, मध्येच तुटतोय का, हे त्यांना त्या चेष्टेतूनच कळायचं.

सहाव्या मजल्यावर एक आई आणि तिची लहान मुलगी राहायच्या. आई चष्म्याच्या दुकानात कामाला. मुलगी चार वर्षांची असताना एकदा आईचं लक्ष पिशव्यांकडे आहे असं बघून तिने माझं बटण दाबून धरलं. दिवा लागला, घंटी गेली, काकांनी घाईघाईने विचारलं, "कोण आहे? कोण अडकलंय?"

"मी," ती म्हणाली.

"मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे मी."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माफी मागू लागली, पण काकांनी तिला थांबवलं. बटण चालतंय हे कळलं, आज माझी एक खेप वाचली, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून काकांनी तिचं नाव मीबाई पाडलं. सोमवारी आले की विचारायचे, आमच्या मीबाई शाळेत गेल्या का?

मीबाई सहा वर्षांची झाली तेव्हा आईबरोबर खरोखरच अडकली. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आत मिट्ट काळोख झाला. तेव्हा काका माझ्यातून अकरा मिनिटं बोलत राहिले. रस्त्याने धावत येत होते, धाप लागली होती, पण बोलणं सोडलं नाही. ओरडायचं नाही, दारं बडवायची नाहीत, दम पुरवून ठेवायचा, खाली बसायचं आणि पाढे म्हणायचे. बाराचा संपायच्या आत मी पोचतो. पोर नवाच्या पाढ्यावर होती तेव्हा दार उघडलं. काकांनी तिला उचलून बाहेर घेतलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लक्षात ठेव मीबाई. हा दिवा लागला की मी निघालो. समजलं? दिवा लागला की मी निघालो."

मित्रांनो, त्या वेळी हे वाक्य मला फार आवडलं होतं. माझ्या एवढ्याशा दिव्याला केवढा मान! पुढे याच वाक्याने घात केला.

दिवस जात राहिले. तिसरी पिढी आली आणि माणसं फोन कानाला लावायची सोडून डोळ्यांसमोर धरायला लागली. चौथी आली आणि लिफ्टमध्ये गाणी, भांडणं, बातम्या, परगावच्या आजोबांची तोंडं, सगळं मावायला लागलं. पाचवीचं नाव मी तिसऱ्या मजल्यावरच्या ताईकडून ऐकलं. ती फोन कंपनीत इंजिनिअर होती. मीबाई तिला टॉवरताई म्हणायची. लिफ्टमध्ये तिला कुणी ना कुणी गाठायचंच. ताई, तुमच्या नव्या पिढीत माझ्या फोनला रेंज का नाही? ताई, आता सहावी येणार म्हणे, मग हाही फोन टाकायचा का? टॉवरताई दमलेली असली तरी समजावून सांगायची. हवेत लहरींसाठी जागा ठरलेली असते, ती वाढत नाही. नव्या पिढीला जागा द्यायची तर जुनीला उठवावं लागतं. पहिली पिढी अशीच गेली. आता दुसरीची पाळी.

मी ते ऐकलं. पण ती पिढी म्हणजे मीच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आपण जुने झालोय हे आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

दरम्यान मिस्त्रीकाका निवृत्त झाले. लिफ्टचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. आता पहिल्या सोमवारी हातात टॅब घेतलेला माणूस यायचा. माझं बटण दाबायचा, हिरवा दिवा लागला की टॅबवर टिचकी मारायचा आणि पुन्हा बटण दाबून मला थांबवायचा, घंटी जायच्या आत. त्याच्या यादीत लिहिलं होतं, 'दिवा लागतो का?' आवाज येतो का, असं लिहिलेलं नव्हतं. माझ्या पोटातला नंबर बदलायचंही राहूनच गेलं. पुढच्या वेळी बघू, असं तो दर वेळी म्हणायचा. काकांनीही इमारतीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवलं होतं, जोवर मी आहे तोवर माझाच असू दे. घरी त्यांच्या लेकीने त्यांना नवा फोन घेऊन दिला, जुनाच नंबर त्यात घालून दिला. त्यावर माझी घंटी दर तिसऱ्या दिवशी जात राहिली. काका मान डोलावून भाताचा घास घ्यायचे.

मग मला निरोप यायला लागले. होय, मला. समोरचा टॉवर रोज माझ्याशी दोन शब्द बोलायचा, मी आहे, तू आहेस का, एवढंच. त्याच वाटेने एके दिवशी एक लेखी निरोप आला आणि माझ्या सिमकार्डात येऊन बसला. काही महिन्यांनी दुसरा. मग तिसरा. मला ना पडदा, ना डोळे. पाठवणाऱ्याला वाटलं पोचला, आणि पोचलाही होता. एका भिंतीत.

तिसऱ्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी मी टॉवरला म्हणालो, मी आहे. उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणालो. दिवसभर म्हणत राहिलो. लिफ्टमध्ये माणसं चढत होती, उतरत होती, त्यांचे फोन वाजत होते. माझ्यापुरतंच आभाळ बंद झालं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला आवाज होता तो फक्त दुसऱ्याचा. माझा स्वतःचा असा एक हिरवा दिवा तेवढा होता, आणि बॅटरी चांगली असल्यामुळे तो छान लागत होता.

त्यानंतर आठव्या दिवशीची ही गोष्ट आहे.

मीबाई आता नऊ वर्षांची होती. शाळेतून एकच्या सुमारास एकटी यायची, गळ्यात किल्ली, पाठीवर दप्तर. आई साडेतीनला परतायची. त्या दुपारी मीबाई आत शिरली, सहाचं बटण दाबलं, आणि तिसरा मजला ओलांडला तोच वीज गेली. धक्का बसला. काळोख झाला. दप्तर खाली पडल्याचा आवाज आला. मग तिचे हात भिंतीवरून चाचपत चाचपत माझ्यापर्यंत आले.

तिने बटण दाबलं. तीन सेकंद, बरोबर मोजून. दिवा लागला.

"काका, मी आहे," ती म्हणाली. "मीबाई."

मी नंबर फिरवला. रित्या आभाळात फिरवला. पुन्हा फिरवला.

"काका, ऐकू येत नाहीये तुमचं. पण दिवा लागलाय. मी बसते खाली."

आणि ती बसली. दोनाचा पाढा सुरू झाला, हळू आवाजात, दम पुरवून. दहा मिनिटांनी वीज आली. पंखे, टीव्ही, नळाच्या मोटारी सुरू झाल्याचं मला भिंतींतून कळलं. पण झटक्याने लिफ्टचा खटका पडला होता, तो उचलल्याशिवाय लिफ्ट हलणार नव्हती. खाली कुणीतरी बटण दाबून पाहिलं, लिफ्ट आज रुसली वाटतं, म्हणालं आणि जिन्याने निघून गेलं. त्याची पावलं आमच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून गेली. मीबाई पाढा थांबवून ऐकत राहिली. तिने हाक मारली नाही. ओरडायचं नाही, असं ठरलं होतं ना. दिवा लागला होता.

पावलांच्या अशा किती खेपा गेल्या, मी मोजल्या नाहीत. माझा दिवा थोड्या वेळाने आपोआप विझायचा, मग ती उठून पुन्हा बटण दाबायची. दिवा लागला की तिचा श्वास ठिकाणावर यायचा. मित्रांनो, मला त्या दिव्याची लाज वाटत होती. तो विझून पडला असता तर ती घाबरली असती, रडली असती, तिने दारावर मुठी आपटल्या असत्या, आणि पाच मिनिटांत कुणीतरी धावून आलं असतं. माझ्या दिव्याने तिला धीर दिला आणि म्हणूनच ती गप्प बसून राहिली. बाराचा पाढा संपला. तिने पुन्हा दोनापासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीत सातावर अडखळली. तिला तहान लागली होती, आणि दुसरीही अडचण होती, जी ती कुणाला सांगणार नव्हती. फ्रॉक ओला झाला तेव्हा ती पहिल्यांदा रडली, तेही तोंडावर हात दाबून.

साडेतीनला आई आली. लिफ्ट येत नाही म्हणून जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला थांबली. आणि भिंतीतून तिला ऐकू आलं, बारीक, घोगरं, "बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे..."

पुढचं मी सांगत नाही. खटका उचलला, दार उघडलं, एवढं पुरे.

त्याच संध्याकाळी आईने मिस्त्रीकाकांना फोन लावला. रागाने तिचा आवाज चिरकत होता, हे मला नंतर कळलं. तिने एवढंच विचारलं, माझी मुलगी सव्वादोन तास बटण दाबत होती, तुम्ही उचलला का नाही?

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. लिफ्टचं दार अडकवून ठेवून माझ्यासमोर बैठक मारली आणि स्क्रू काढायला लागले. ऑफिसला निघालेली टॉवरताई जिन्याने खाली येत होती, ती थांबली. काकांनी माझं सिमकार्ड काढून तिच्या पुढे धरलं. तिने ते पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला. पायरीवर बसून तिने ते आपल्या जुन्या फोनमध्ये घातलं. तीन निरोप निघाले. न वाचलेले. तिने वाचून दाखवले. प्रिय ग्राहक, आपण वापरत असलेलं नेटवर्क बंद होत आहे, कृपया नवीन फोन घ्या. तारखा वेगळ्या होत्या, मजकूर तोच.

"हा मजकूर आमच्याच टेबलावर तयार झाला," ती म्हणाली. "आणि हा नंबर यादीत होता, काका. मला आठवतोय. दर तिसऱ्या दिवशी एक मिस्ड कॉल, बोलणं शून्य मिनिटं. मी पुढे लिहिलं, वापरात नाही."

काका म्हणाले, "शून्य मिनिटं म्हणजे कुणी अडकलं नाही, ताई. हे शून्य असलं म्हणजे समजायचं, सगळं ठीक आहे."

टॉवरताई रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. तिने फोन काढला, ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं, आणि यादीत अशी किती शून्यं होती ती मोजायला हवीत, असं स्वतःशी पुटपुटली.

काका तिला दोष देऊ शकले असते. दिला नाही. कारण त्यांच्याही मनात एक काटा होता आणि तो त्यांनी तिथेच, त्या पायरीवर, काढून दाखवला. माझी सव्वाबाराची घंटी चुकली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं. काकू हसल्या, गेली बाई सवत एकदाची. काकांना हसू आलं नाही. त्यांना वाटलं, नव्या कंपनीने अखेर आपला नंबर काढून टाकला. इतक्या वर्षांचं काम, आणि एका शब्दाने सांगायचं सौजन्य नाही! ते रुसले. दुसऱ्यांदा चुकली तेव्हाही ते फोनकडे बघत राहिले आणि कुणाला विचारलं नाही. आपण कशाला विचारायचं, असं त्यांना वाटलं. एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

दुपारी मीबाई शाळेतून आली. लिफ्टकडे न बघता जिन्याकडे वळली. काका तिथेच होते. ती थांबली.

"काका, तुम्ही निघाला होतात ना?"

मित्रांनो, मोठ्या माणसांना अशा वेळी काहीतरी गोड बोलून सुटता येतं. काकांनी तसं केलं नाही.

"नाही गं बाळा. मला कळलंच नव्हतं."

"पण दिवा लागला होता."

"दिव्याला फक्त एवढंच कळतं, की कुणीतरी बटण दाबलंय. बाकीचं मी माझ्या मनाचं सांगितलं होतं तुला. चुकलं माझं."

ती दप्तर सावरत म्हणाली, "मी ओरडले नाही." आणि वर निघून गेली.

काका पुन्हा माझ्यासमोर बसले. पक्कड काढली आणि माझ्या दिव्याची बारीक तार कापून टाकली. मला दुखलं नाही. उलट हलकं वाटलं.

आठवड्याभरात माझ्याखाली नवा फोन बसला, नव्या पिढीचा. त्याच्या पोटात चार नंबर आहेत आणि ते कुणाच्या नावावर आहेत हे इमारतीच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. मला काढलं तर पत्र्याला भोक पडेल, म्हणून मला तसंच ठेवलं. बटणावर चिकटपट्टी लावली आहे. टॉवरताई आता रविवारी काकांना बरोबर घेऊन आजूबाजूच्या इमारती पालथ्या घालते. लिफ्टमध्ये, पंपाच्या खोलीत, दवाखान्याच्या औषधांच्या फ्रिजवर, कुणाच्या आजारी आजोबांच्या गळ्यातल्या बटणात, कुठे कुठे माझे भाऊबंद मुके बसले आहेत ते शोधते. बरेच सापडले. सगळे सापडले असं तीही म्हणत नाही.

मित्रांनो, नव्या पिढ्या येऊ देत. त्या यायलाच हव्यात. मला उठवलं याचं मला दुःख नाही, मी थकलोच होतो. पण उठवण्याआधी कुणीतरी जवळ येऊन विचारायला हवं होतं, अजून तुझ्या भरवशावर कोण आहे? तुमच्याही घरात, शाळेत असं एखादं बटण असेल. महिन्यातून एकदा मोठ्यांना बरोबर घेऊन ते दाबा. दिव्यावर जाऊ नका. आवाज येईपर्यंत थांबा. आणि कधी अडकलात, तर ओरडा. अगदी मोकळ्या गळ्याने ओरडा.

पहिल्या सोमवारी आता मीबाई येते. ते काम तिने मागून घेतलं आहे. एक पाय बाहेर ठेवून दार अडवते आणि नव्या फोनचं बटण दाबते. दिवा लागतो, त्याच्याकडे ती बघतही नाही. कान जाळीला लावून उभी राहते. पलीकडून कुणी बाई विचारते, "कोण बोलतंय?"

"मी," मीबाई म्हणते. "तुम्ही खऱ्या आहात ना?"

बाई हसते, हो म्हणते. मीबाई वहीत तारीख लिहिते, दप्तर पाठीला लावते, आतला पायही बाहेर घेते.

आणि सहा मजले जिन्याने चढून जाते.